ऐकणारा घराबाहेरचा हवा

आयरिश वंशाच्या अमेरिकन कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या एक कथा चालत आलेली असते. खापरपणजी आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळात गाव सोडून निघाली, बोटीवर कितीतरी माणसे तापाने गेली, न्यूयॉर्कला उतरल्यावर कारकुनाने आडनावच बदलून टाकले. ही कथा घरातल्या घरात, सणासुदीला सांगितली जाते. ऐकणाऱ्यांना ती पाठ असते आणि मध्येच कोणी अडवत नाही, कारण आजीला अडवणे बरे दिसत नाही. माझे म्हणणे असे की देशांतराच्या अशा कथा घराबाहेर काढून मित्रमंडळींत सांगायला हव्यात. घर कथा जिवापाड जपते, पण तिला प्रश्न विचारत नाही. मित्र विचारतो. साल कोणते? बंदर कोणते? आडनाव बदलले ते नक्की कोणी? या शेवटच्या प्रश्नाशी कथा अडखळते, कारण पुढे न्यूयॉर्क बंदरात उघडलेल्या एलिस आयलंड या तपासणी केंद्रावरचे अधिकारीही नव्याने नावे लिहून घेत नसत. बोट निघतानाच तयार झालेल्या प्रवाशांच्या यादीशी ती ताडून पाहत. आडनावे बदलली, पण बहुधा पुढे, नव्या देशात सोयीची पडावीत म्हणून कुटुंबांनी स्वतःच बदलली. कथेतला कारकून असा गळून पडला की तिथे स्वतःच्या नावाचा निर्णय स्वतः घेणारा पणजोबा दिसू लागतो. मला ही दुसरी कथा जास्त मोलाची वाटते.

प्रश्न न विचारलेली कथा कुठवर जाते, हे ॲनी मूरच्या बाबतीत दिसले. 1 जानेवारी 1892 ला एलिस आयलंडचे दरवाजे उघडले, तेव्हा सर्वांत आधी आत आली ती कॉर्कची ही मुलगी, ‘नेवाडा’ बोटीने, दोन धाकट्या भावांना घेऊन. पुढे टेक्ससमधल्या एका कुटुंबाला वाटू लागले की ती ॲनी म्हणजे आपलीच आजी. नाव जुळत होते, कथा ऐटदार होती, समारंभांत मानही मिळत गेला. 2006 मध्ये मेगन स्मोलेन्याक या वंशावळी-संशोधिकेने कागद धुंडाळून दाखवले की टेक्ससची ॲनी मूर मुळात अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये जन्मलेली होती. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या चाळींतच राहिली, जर्मन वंशाच्या तरुणाशी लग्न केले, कित्येक मुले लहानपणीच गमावली आणि 1924 मध्ये वारली. तिच्या कबरीवर 2008 पर्यंत साधा दगडही नव्हता. टेक्ससच्या घराने लबाडी केली होती असे मी म्हणणार नाही. घरातल्या कोणाला प्रश्न सुचला नाही, एवढेच. तो बाहेरच्या बाईला सुचला.

यावर कोणी म्हणेल की मग कथा सोडा आणि सरळ दप्तरखाना गाठा. पण आयर्लंडच्या बाबतीत हा सल्ला फार पुढे नेत नाही. 30 जून 1922 रोजी यादवी युद्धात डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार भस्मसात झाले आणि 1821 ते 1851 च्या जनगणनांची बहुतेक सगळी कागदपत्रे त्यात गेली. त्यानंतरच्या चार जनगणनांची घरोघरची पत्रके सरकारने आधीच नष्ट केली होती. म्हणजे दुष्काळाआधीच्या खेड्यात कोणत्या घरात कोण होते, हे बहुतेक ठिकाणी आज कागद सांगूच शकत नाही. शिवाय उरलेले कागद तरी कुठे निष्पाप आहेत? 1909 पासून सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन मिळू लागली, आणि 1901 व 1911 च्या जनगणनांची पत्रके शेजारी ठेवली तर कितीतरी माणसे दहा वर्षांत दहाहून अधिक वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात. जन्मांची सक्तीची सरकारी नोंद 1864 पासूनची. त्यामुळे वय सिद्ध करायला 6 जानेवारी 1839 च्या रात्रीचे ते महावादळ आपल्याला आठवते, हा पुरावा म्हणून पुढे केला जाई. जिथे खुद्द सरकारी कचेरीलाच आठवणीवर भिस्त ठेवावी लागली, तिथे आजीच्या आठवणीला आपण भाकडकथा म्हणून कसे झटकून टाकणार?

आणि आठवण खरी ठरून तज्ज्ञ चुकलेला निघाला, असेही घडले आहे. ‘आयरिश लोकांनी अर्ज करू नयेत’ अशा पाट्या आणि जाहिराती आमच्या पूर्वजांनी पाहिल्या, असे असंख्य आयरिश-अमेरिकन घरांत सांगितले जाई. 2002 मध्ये रिचर्ड जेन्सन या इतिहासकाराने हा जवळजवळ सगळा भ्रम आहे असा निबंध लिहिला. 2015 मध्ये रेबेका फ्राइड या शाळकरी मुलीने जुन्या वर्तमानपत्रांतून तशा जाहिरातींचा ढीग समोर ठेवला. हा वाद घराच्या चार भिंतींआड राहिला असता तर सुटलाच नसता. चारचौघांत आला, म्हणून तपासला गेला.

खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला गंभीर वाटतो. कथा एकमेकांना सांगून सांगून सारख्या होत जातात. बटाट्यावर 1845 मध्ये करपा पडला, सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. ही जखम एवढी मोठी की प्रत्येकाला आपला पूर्वज त्याच बोटींवर दिसतो. प्रत्यक्षात 1856 ते 1921 या काळात गेलेले चाळीस लाखांहून अधिक आहेत, आणि त्यांत आधी गेलेल्या बहिणीने तिकीट धाडलेल्या अविवाहित मुली पुष्कळ. त्याहून वाईट म्हणजे ‘आयरिश लोकही गुलामच होते’ ही अलीकडे पसरवलेली थाप. 17 व्या शतकात अनेकांना जबरदस्तीने कॅरिबियन बेटांवर धाडले, हे खरे. पण त्यांच्या करारमजुरीला मुदत असे आणि त्यांची मुले जन्मतःच कोणाची मालमत्ता ठरत नसत. कृष्णवर्णीयांचे तोंड बंद करायला ही थाप वापरली जाते, म्हणून तिचा राग येतो. मात्र ती फोफावते ती एकाच सुरात माना डोलावणाऱ्या जमावात. मित्रांच्या बैठकीत एखाद्याची पणजी खरोखरच विकली गेलेली असू शकते, आणि त्याच्या डोळ्यांत पाहून ही थाप मारणे सोपे नाही. आजच्या डब्लिनमध्ये तर असा मित्र उलट्या वाटेने आलेल्या घरातलाही असेल. 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या लिओ वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे.

अशा मित्रासमोर 1911 च्या जनगणनेचे एखादे पत्रक पसरावे. ते घरच्या कर्त्याने भरलेले असते. धर्म, धंदा, वाचता येते का, आयरिश बोलता येते का, अशा रकान्यांमध्येच विवाहित बाईपुढे तीन आकडे येतात: लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, आज किती हयात आहेत. समजा नऊ जन्मली आणि सात हयात आहेत. पण घरातल्या माणसांची नावे वाचत गेले तर मुले दोनच सापडतात. घरच्यांचे बोट आपल्या पणजोबांच्या नावावर थांबते. मित्र मात्र विचारतो, उरलेली पाच कुठे गेली?