घेवड्याचा संयुक्त प्रस्ताव

इटलीतल्या एका विद्यापीठाबरोबर आपल्या वाघ्या घेवड्यावर संशोधन करायचं चाललंय, एवढंच मी स्टाफरूममध्ये बोललो होतो. दोन दिवसांत कोरेगावच्या बाजारपेठेत ओळखीच्या दुकानदारानं विचारलं, "सर, परदेशातनं किती पैसा येणार?" मला उत्तर देता आलं नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. वर्गात पेशीविभाजन डोळे मिटून समजावून देईन, पण संशोधन अनुदानाचा अर्ज याआधी कधी हातात घेतलेला नव्हता. त्यातून हा दोन देशांचा संयुक्त अर्ज.

मुळात हे जुळलं ते घेवड्यामुळे. आमच्या तालुक्याच्या उत्तर भागात, वाठार स्टेशन, देऊर, पिंपोडे या पट्ट्यात, खरिपात घेवडा होतो. पावसाच्या सुरुवातीला पेरायचा, गणपती उठले की काढणीची गडबड. दाण्यावर लालसर पट्टे, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण वनस्पतीचं मूळ घर इथलं नव्हे. घेवडा अमेरिका खंडातला. माणसानं तो तिथं दोनदा, दोन वेगळ्या ठिकाणी लागवडीखाली आणला: एकदा मेक्सिकोच्या बाजूला आणि एकदा अँडीज पर्वतात. कोलंबसानंतर तो समुद्र ओलांडून युरोपात आणि आशियात पोचला. इटलीतल्या त्या विद्यापीठातल्या प्राध्यापक बाई युरोपात स्थिरावलेल्या वाणांवर काम करतात. आपल्याकडे आलेली शाखा दोहोंपैकी कुठली, आणि डोंगराच्या आडोशाच्या कमी पावसात ती कशी तगली, हा त्यांचा प्रश्न होता. माझाही तोच होता. फक्त मी तो कधी कागदावर मांडला नव्हता. अँडीजमधल्या एका वाणाचा संपूर्ण जनुकीय आराखडा २०१४ मध्येच प्रसिद्ध झालाय, कोलंबियातल्या काली शहराजवळच्या बीजपेढीत घेवडावर्गाचे सदतीस हजारांहून अधिक नमुने जपलेत. म्हणजे तुलनेला जग मोकळं आहे, आणि मध्ये आमचा वाघ्या कुठे बसतो ते पाहायचं आहे.

मग पैशांचा शोध सुरू झाला आणि मी पुरता गांगरलो. भारत-फ्रान्स संशोधनासाठी सेफिप्रा १९८७ पासून आहे, अमेरिकेसाठी २००० साली स्थापन झालेला इंडो-यूएस फोरम आहे, शिक्षण मंत्रालयाची स्पार्क योजना आहे, विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे देशोदेशींशी करार आहेत. प्रत्येकाची अर्ज मागवण्याची वेळ निराळी, पात्रता निराळी. स्पार्कमध्ये संस्थेचं राष्ट्रीय मानांकन पाहतात. तालुक्याच्या ठिकाणचं महाविद्यालय तिथं एकटं उभं राहू शकत नाही. कोल्हापूरच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला समोर बसवून घेतलं आणि सांगितलं, "आधी एक समजून घ्या. त्यांचा पैसा त्यांच्याकडे, आपला आपल्याकडे."

द्विपक्षीय योजनांची रचना बहुतेक अशीच असते. इटलीच्या बाजूचा खर्च इटली करणार, आपल्या बाजूचा भारत सरकार. एकच प्रस्ताव, एकच शीर्षक, पण दोन्ही देशांत वेगवेगळा दाखल करायचा. एका बाजूनं मुदतीत गेला नाही, तर दुसऱ्या बाजूचाही विचार होत नाही. भेटीगाठींसाठी बऱ्याच योजनांत नियम असा की पाठवणाऱ्या देशानं विमानाचं तिकीट काढायचं आणि यजमान देशानं राहण्या-जेवण्याचं पाहायचं. म्हणजे बाई कोरेगावात आल्या की त्यांचा मुक्काम, इथला प्रवास आपल्या अनुदानातून. परदेशी चलन महाविद्यालयाच्या खात्यात यायचाच प्रश्न नाही. तसं थेट आलंच, तर परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच घ्यावे लागतात. हे प्राचार्य सरांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग बरंय. आपल्या सरकारचा हिशेब देणं आपल्याला जमतं." हिशेब म्हणजे दर वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र. ते वेळेवर गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो.

खरी अडचण बियांची. मला वाटत होतं, पाव किलो बी पाकिटात घालून पाठवायचं. पण २००२ चा जैवविविधता कायदा आहे. परदेशी व्यक्तीला वा संस्थेला इथलं जैविक साधन संशोधनासाठी घ्यायचं, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी हवी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत बसणाऱ्या आणि मंजूर झालेल्या संयुक्त प्रकल्पांना कलम ५ नुसार सवलत आहे, पण ती मंजुरीनंतर, आधी नाही. सुरुवातीला हा मला निव्वळ अडथळा वाटला. शेतकऱ्यांशी बोलल्यावर कायद्याचं कारण कळलं. पिंपोड्याच्या बाजूला आम्ही ज्यांना तात्या म्हणतो, त्यांनी कणगीतलं जुनं बी मूठभर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ठळक पट्ट्यांचे दाणे, फिकट पट्ट्यांचे दाणे, एखादा जवळजवळ बिनपट्ट्याचा, सगळे एकाच मुठीत. "बी देतो की सर. पण त्येचं पुढं काय झालं, ह्ये आमाला कळाया पायजे." त्याच मुठीत माझा संशोधनाचा विषय होता, आणि अटही त्यातच आली.

मग आम्ही ठरवलं, बी इथंच राहील. लागवड इथं, डीएनए काढणं आणि जनुकक्रम वाचणं भारतातल्या प्रयोगशाळेत. इटलीशी वाटून घ्यायची ती माहिती आणि विश्लेषण, तेही कायद्याच्या चौकटीत. बाईंना हे पटलं. त्यांच्या बाजूचा खर्चही त्यानं कमी झाला.

या दिवसांत एकदा कराडला गेलो, तेव्हा हजारमाचीच्या भूभौतिकी प्रयोगशाळेबद्दल नीट माहिती घेतली. कोयनेच्या भूकंपांचा तिथला अभ्यासही बाहेरच्या मदतीनंच सुरू झालेला. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा, ६.३ तीव्रतेचा भूकंप आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतो. धरणामुळे भूकंप का होतात हे खोल जाऊन पाहायचं म्हणून आंतरराष्ट्रीय खंडीय खनन कार्यक्रमाच्या मदतीनं २०११ मध्ये आधी एक कार्यशाळा झाली. जगभरातले जाणकार आले, प्रश्न ठरले. मोठा खर्च पुढे भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानं उचलला, आणि २०१७ मध्ये गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झालं. काळ्या पाषाणाखाली थेट ग्रॅनाइट आणि नीस लागला. मला यातून जो क्रम कळला तो फार कामाचा: आधी छोट्या पैशात माणसं एकत्र बसवा, मग मोठं मागा. आमचा प्रस्तावही आम्ही आखडता घेतला. पहिला टप्पा भेटी, शेतांची पाहणी, वाणांची नोंद एवढाच.

पण अंदाजपत्रकात शेतकरी कुठे लिहायचा, यावर मी सगळ्यात जास्त अडलो. रकाने ठरलेले: मनुष्यबळ, उपभोग्य साहित्य, प्रवास, आकस्मिक खर्च, संस्थेचा वाटा. मनुष्यबळात पदवीधर सहायक बसतो. तात्या बसत नाहीत. त्यांनी चार सरी आमच्या आखणीनं पेरल्या, मिश्र बी वेगळं करून लावलं, तर त्यांचं उत्पन्न घटणार, आणि ती घट कोणीतरी भरून द्यायला हवी. आकस्मिक खर्चात टाका, असा सल्ला मिळाला. मला ते मान्य नव्हतं. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या बी राखलं, त्यांचा वाटा आकस्मिक कसा? पुष्कळ चर्चेनंतर 'क्षेत्रीय चाचणी' असं स्वतंत्र कलम उपभोग्य साहित्याखाली घातलं, आणि त्यात जागेचं भाडं, मजुरी, उत्पन्नाच्या घटीची भरपाई असं फोडून लिहिलं. समर्थनाच्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलं की ही रक्कम धनादेशानं थेट शेतकऱ्याच्या खात्यावर जाईल. निष्कर्ष छापण्याआधी मराठीत गावात वाचून दाखवायचे, हीसुद्धा अट दोन्ही देशांच्या मसुद्यांत सारख्याच शब्दांत आहे. ती सुचवली मी, पण इंग्रजी मसुद्यात सर्वांत वर नेली ती बाईंनी.

प्रस्ताव दोन्हीकडून दाखल झालाय. परीक्षण दोन्ही देशांत होईल, मग संयुक्त बैठक, मग यादी. तोवर खरीप येईलच. बी राखून ठेवलंय, आणि मंजुरी येवो न येवो, पेरणी आम्ही नोंदीसकट करणार आहोत. पेरणी, फुलोरा, शेंग, काढणी असा तक्ता करून मी तात्यांना दिला. त्यांनी तो वाचला आणि पावसाच्या खंडाचे दिवस लिहायला एक जास्तीचा रकाना माझ्याकडून आखून घेतला.