तासामागे दहा मिनिटे

आई ज्यांच्याकडे स्वयंपाकाला जाते, त्या काकूंची मुलगी अमेरिकेला असते. गेल्या दिवाळीत घर आवरताना काकूंनी मुलीने तिकडून आणलेले एक जुने गजराचे घड्याळ आईला दिले. विजेवर चालणारे, लाल आकड्यांचे. सोबत विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. ट्रान्सफॉर्मरशिवाय लावले तर जळेल, असे त्यांनी बजावले होते. आईने घड्याळ माझ्या उशाशी ठेवले. "परीक्षेला उपयोगी पडेल तुला," म्हणाली.

पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री बाबा एका शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटार बसवायला गेले होते. घरातला एकुलता एक मोबाईल त्यांच्यापाशी होता. मी दहा वाजता घड्याळ बरोबर लावले, पाचचा गजर दिला आणि झोपले. गजर झाला, तेव्हा बाहेर चक्क फटफटले होते. शेजारी विचारले, तर सहा वाजून पंचवीस मिनिटे! सव्वासहाची एस. टी. गेली होती. वडाप जीपने पोचेपर्यंत पेपरचा अर्धा तास संपला.

घरी आल्यावर मी आईवर ओरडले, "लोकांच्या टाकाऊ वस्तू कशाला आणतेस?" आई काही बोलली नाही. तिने घड्याळ जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवले.

संध्याकाळी बाबांनी सगळे ऐकून घेतले. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला. बोटांवर हिशेब करून म्हणाले, "तासाला दहा मिनिटं मागं पडलंय. घड्याळ बिघडलेलं नाही, पोरी. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. हे घड्याळ हेलकावे मोजतं. साठ झाले की म्हणतं, एक सेकंद झाला. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, ठेका बदलत नाही. चार पोलची मोटारसुद्धा तिकडं अठराशेच्या आसपास फिरंल, इथं पंधराशेच्या."

पुढे ग्रंथालयात वाचले, की जपानमध्ये एकाच देशात हे दोन्ही ठेके आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली, ओसाकाने अमेरिकन. म्हणून पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०. २०११च्या भूकंपानंतर पूर्वेत विजेची टंचाई पडली, पण ठेका बदलणारी केंद्रे अपुरी असल्याने पश्चिमेची वीज हवी तितकी तिकडे देता आली नाही. त्या दिवशी मोबाईलच्या चार्जरवरची बारीक अक्षरे मी प्रथमच वाचली : १०० ते २४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ. आलेल्या विजेचा तो आधी एकदिश प्रवाह करतो, म्हणून त्याला कुठलीही वीज चालते.

माझ्या मनात मात्र आईचा गप्प चेहराच राहिला होता. वस्तूत दोष नव्हता आणि आणणारीतही नव्हता. क्षमा मागायला शब्द सुचले नाहीत. मी फडके सोडले आणि घड्याळ पुन्हा उशाशी मांडले. आता रोज रात्री दहाला ते बरोबर लावते आणि तीन पन्नासचा गजर देते. तो बरोबर पाचला होतो.

"इतक्या पहाटेचा गं कशाला?" पहिल्या रात्री आईने विचारले. मी तिला पाटीवर हिशेब करून दाखवला. तिला तो कितपत कळला कोण जाणे. पण फडक्याची घडी करून तिने ते घड्याळाखाली अंथरले.

— द्वितीय वर्ष, कला