रिलीव्हर कुठे आहे?

निगडी, प्राधिकरण
२० फेब्रुवारी

चि. सोनी हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी फाईल मिळाली. मोबाईलवर मला असलं काही वाचवत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. रंग छान आहेत. पण फाईलबद्दल नंतर. रविवारी फोनवर तू जे बोललीस ते आधी. ‘आत्या, आम्ही बायकांना घेतो गं, त्याच टिकत नाहीत.’ हे तुझ्या तोंडून? जिचा बाप ८९ साली शनिवारवाड्यावर कामगारांच्या उपोषणाला बसला होता, त्या पोरीच्या तोंडून? दादानं हे ऐकलं असतं तर काही बोलला नसता, नुसता चष्मा काढून पुसत बसला असता. त्याचा अर्थ तुला माहीत आहे.

तू विचारलंस ते एवढंच, की आठ मार्चला साहेबांना सांगता येतील अशा व्यवहारातल्या चार-पाच गोष्टी सुचव. विविधता, समन्याय, समावेश. सुचवते. पण चार-पाच नाही, एकच. बाकीच्या तिच्या पोटात येतात.

तुमच्या लाईनवर रिलीव्हर आहे का?

हसू नकोस. टाईम ऑफिसात बसून जन्म गेला तरी त्याआधी मी बेंचवर बसलेली बाई आहे. तुमचं काम वायरिंग हार्नेसचं. बोर्ड फिरत येतो, ठरल्या सेकंदांत आपल्या वाट्याच्या वायरी टाकायच्या, कनेक्टर दाबायचा, टेप गुंडाळायची, की बोर्ड पुढे. तुझ्या टॅक्ट टाईमला ‘जरा थांब’ कळत नाही. मग त्या जागेवरच्या पोरीला लघवीला जायचं असेल तर तिच्या जागी उभं राहायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे रिलीव्हर. ते नसेल तर ती लाईन लीडरकडे बघते. तो घड्याळाकडे बघतो. म्हणतो, आत्ताच तर जाऊन आलीस. किंवा काहीच म्हणत नाही, आणि ते जास्त वाईट. दोन दिवस असं झालं की तिसऱ्या दिवशी पोरगी पाणी प्यायची बंद होते.

तुझी कंपनी आहे त्या निघोज्यातलीच एक मुलगी अधूनमधून माझ्याकडे येते. मराठवाड्यातली, आयटीआय झालेली. एका शेतकऱ्याच्या चाळीत चौघी मिळून खोली घेऊन राहतात. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे चहाचा एक घोट घेते, आणि मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाण्याला शिवत नाही. तिची बाटली पाहिली मी. सकाळी भरलेली, संध्याकाळी तशीच. दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्टी, कनेक्टर दाबून दाबून सुजलेले. त्यांचं तिला काही वाटत नाही, ते कामाचं आहे म्हणते. पण लघवीला जळजळ होते ते सांगताना मान खाली. तिनं एकदा औषध घेतलं, बरं वाटलं, पुन्हा तेच. डॉक्टरीण म्हणाली भरपूर पाणी पी. आता बोल! त्यात पायातले सेफ्टी शूज पुरुषांच्या मापाचे. पुढे कापूस भरून चालते बिचारी. बायकांच्या मापाचे बूट मागवणं ही तुझ्या फाईलमध्ये न आलेली दुसरी गोष्ट, जाता जाता लिहून ठेव.

ही मुलगी उद्या काम सोडून गेली की तुझ्या तक्त्यात लिहिलं जाईल, ‘वैयक्तिक कारण’. आणि तू मला फोनवर सांगशील, टिकत नाहीत.

फाईलमध्ये तिसऱ्या पानावर तू सुधा मूर्तींची गोष्ट घातलीस, ते बरं केलंस. आपल्याच पिंपरीची ती गोष्ट. १९७४ साली टेल्कोची जाहिरात, स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी तळटीप, आणि बंगळूरला शिकणाऱ्या त्या मुलीनं थेट जेआरडी टाटांना टाकलेलं पोस्टकार्ड. पुढे पुण्याला मुलाखत झाली आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली स्त्री इंजिनिअर आली. एका पोस्टकार्डाची दखल घेतली गेली, हे मोठेपण आहेच. आणि आज त्याच पिंपरीत हॅरियर-सफारीची जुळणी करणारी अख्खी लाईन महिलांची आहे, दीड हजारांवर बायका. तेव्हा ‘बायकांना जमत नाही’ हा मुद्दा मोडीत निघाला. पण सोनी, आत घेणं हा साहेबांच्या एका सहीचा प्रश्न असतो. आत आल्यावरचे आठ तास मात्र लाईन लीडरच्या हातात असतात. तुमच्या असल्या फायली सहीपाशी संपतात.

आता कायदा. तू म्हणशील, आत्या, कायद्याचं सगळं आहे आमच्याकडे. असेल. १९४८ च्या कारखाने कायद्यानं बायकांसाठी वेगळे संडास सांगितले, नियमांनी दर २५ बायकांमागे एक असं मोजूनही दिलं. उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय सांगितली. तिसांहून जास्त बायका असतील तर पाळणाघर सांगितलं. २०१७ साली बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास कर्मचारी असले की पाळणाघर सक्तीचं झालं. संडास मोजले, पण तिथपर्यंत जायला सोडणार कोण, ते कुणी लिहिलं नाही. इन्स्पेक्टर येतो, दार उघडून बघतो, फरशी चकाचक. असणारच! वापरायला वेळ कुणाला आहे?

आमच्या वेळी भोसरीत (कंपनीचं नाव कशाला, ती आता राहिलीही नाही) बायकांनी रिलीव्हर मागितली तेव्हा युनियनच्या पुढाऱ्यांना मागणीपत्रात ‘संडास’ लिहायची लाज वाटली. त्यांनी लिहिलं, ‘वैयक्तिक गरजांसाठी सवड’. मॅनेजमेंटनं विचारलं, कसल्या गरजा? सगळे गप्प. तेव्हा तुझी आई बोलली. काय बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून रिलीव्हर उभी राहिली. तुला वाटतं वहिनी जन्मभर देवाधर्मातलीच होती.

ही माझी एक खोड झाली म्हण. कुठलाही प्रश्न आला की मला त्यात रिलीव्हर दिसते. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ साली गाजलं, आठवतं? सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. लोक हळहळले, डॉक्टरांना शिव्या दिल्या. डॉक्टर दोषी होतेच. पण मूळ कुठे? तोडीला एक दिवस चुकला की खाडा, खाड्याचे पैसे मुकादम कापणार. पाळीच्या दिवसांत तिच्या जागी कोयता धरायला कुणी नाही. मग बाईनं पिशवीच काढून टाकली. फडात काय आणि एसी शेडमध्ये काय, जागेवर दुसरं माणूस नसलं की बाई स्वतःच्या शरीराशी तडजोड करते. तुझ्या पोरी पाणी प्यायचं सोडतात. फरक फक्त किती पुढपर्यंत गेलं एवढाच.

केरळात कोझिकोडला पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं दुकानांतल्या विक्रेत्या मुलींना एकत्र आणलं. आधी मागणी संडासाची, मग बसायला खुर्चीची. हसले लोक. २०१८ साली केरळ सरकारनं कायदा बदलून बसायचा हक्क दिला. परिषदा भरवून नाही आला तो.

बरं, आता तुझ्या साहेबांच्या कामाचं. नीट लिहून घे.

रिलीव्हर ठेवायची म्हणजे नुसतं एक डोकं वाढवायचं नाही. दहा-बारा स्टेशनांमागे एक, आणि तिला सगळी स्टेशनं यायला हवीत. कच्ची पोरगी ठेवलीत तर रिजेक्शन वाढेल आणि महिन्याभरात तुमचा प्रॉडक्शनवाला म्हणेल, बघा, सांगत होतो. जिला सगळी स्टेशनं येतात तिला ग्रेड वरची द्या. आणि तीच पुढची लाईन लीडर. बायका वरच्या पदावर का येत नाहीत म्हणून तू आठव्या पानावर इतकं रडली आहेस, त्याचं उत्तर इथं आहे. लाईन लीडर होण्याआधी अख्खी लाईन हाताखालून जावी लागते, आणि एका जागेला खिळवून ठेवलेल्या बाईच्या हाताखालून ती कधी जातच नाही.

दुसरं, आणि इथंच सगळे घसरतात. सोमवारी चार जणी आल्या नाहीत की रिलीव्हरला रिकाम्या जागेवर उभं करतात. झालं! रिलीव्हर कागदावर. हे होऊ द्यायचं नाही. त्यासाठी साहेबांनी भाषण करू नये, रोज सकाळच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारावा. प्रॉडक्शन किती, रिजेक्शन किती, ॲबसेंटी किती, हे विचारतातच. त्याला जोडून विचारावं, काल कुठल्या लाईनवर रिलीव्हर नव्हती? महिनाभर रोज विचारलं की चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला सुपरवायझरसुद्धा गाडीतून फोन करून बंदोबस्त करील. साहेब जे रोज विचारतो तेच कंपनीचं धोरण. भिंतीवर लावता ते नव्हे.

तिसरं, सुट्टी मागावी लागता कामा नये. रिलीव्हरनं क्रमानं फिरायचं, प्रत्येकाची पाळी ठरलेली. शिवाय मध्ये कुणाला अडचण आली तर बटण दाबायचं, दिवा लागतो, ती येते. मागायला लागलं की भेदभाव आलाच. लाईन लीडर आपल्या तालुक्यातल्याला आधी सोडतो. पर्मनंटला आधी, ट्रेनीला नंतर, कंत्राटदाराच्या मुलीला सर्वांत शेवटी. आणि जो सहज म्हणून आडनाव विचारतो तो कशासाठी विचारतो, हे तुला मी सांगायला नको. तुमच्या फाईलीत जातीचा ज सुद्धा नाही. तुमची विविधता थेट परदेशातून आलेली दिसते, तिला आपल्याकडची आडनावं वाचता येत नाहीत.

आणि हे बायकांसाठी म्हणून मागू नकोस, सगळ्यांसाठी माग. साखरेचा आजार असलेला पन्नाशीतला पुरुष आहे, नुकती बाळंतपणाहून परतलेली आहे. एखादा ऐकू न येणारा मुलगा असेल, त्याला दिव्यामुळे हाक मारायची गरजच पडणार नाही. बायकांची सवलत म्हणून आणलंत तर पुरुष चिडतील आणि बायका ओशाळतील.

लैंगिक छळाच्या तक्रार समितीची यादी कँटीनच्या दाराशी लावली आहेस म्हणालीस. चांगलं. पण २०१३ च्या कायद्यात कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, रोजंदारीवरची, सगळ्या येतात. हे तुझ्या कंत्राटी मुलींना कुणी मराठीत आणि हिंदीत समोर बसवून सांगितलं का? त्यांना वाटतं ती यादी पर्मनंटवाल्यांची.

आता मला खरी काळजी आहे ती रात्रपाळीची. जुन्या कायद्यानं संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बायकांना कारखान्यात ठेवायची बंदी होती. महाराष्ट्रानं २०१५ साली अटी घालून ती सैल केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता आल्या, त्यात संमती असेल तर रात्रीही काम करता येतं. यावं, मी विरोधात नाही, पगार वाढतो. पण संमती म्हणजे काय? कामावर घेताना ज्या गठ्ठ्यावर अंगठ्याच्या वेगानं सह्या घेतात, त्यातलाच एक कागद? अकरा महिन्यांच्या ट्रेनीनं नाही म्हणायचं कसं? आणि रात्री बस कुठं सोडते? मेन रोडवर सोडते ना? तिथून चाळीपर्यंतच्या गल्लीत दिवे आहेत का, ते एकदा शिफ्ट सुटल्यावर स्वतः चालून बघ. एकटी जाऊ नकोस. साहेबांना घेऊन जा.

तुझीही काळजी वाटते. हे सगळं मांडलंस की पहिल्यांदा टाळ्या पडतील, मग खर्चाचा आकडा विचारतील, मग तुलाच म्हणतील तू फार भावनिक आहेस. तेव्हा भावनेचं बोलू नकोस. एक मुलगी सोडून गेली की नवीन तयार होईपर्यंत किती माल वाया जातो, तो हिशेब क्वालिटीवाल्यांकडून आधीच काढून ठेव. दादाला हेच जमलं नाही, तो नेहमी न्यायाचंच बोलायचा.

आणि एक. वर लिहिलेली मुलगी कोण, कुठल्या लाईनवर, तुझ्याच कंपनीतली की शेजारच्या कंपनीतली, हे शोधायच्या भानगडीत पडायचं नाही. तू चांगल्या मनानं चौकशी करशील, तुझा माणूस लाईन लीडरला विचारील, आणि पुढच्या महिन्यात तिचं ट्रेनीचं पत्र वाढवून मिळणार नाही. तिला वेगळी वागणूक नको. रिलीव्हर आली की तिलाही मिळेलच.

कळावे. पित्त वाढवू नकोस, वेळेवर जेव.

तुझी,
आत्या

ता. क. फाईलमधल्या शेवटच्या पानावरचा गुलाबी फुलाचा फोटो काढून टाक. त्या जागी शेडचा नकाशा लाव, आणि सगळ्यात लांबच्या स्टेशनपासून संडास किती पावलांवर आहे ते त्यावर लिही.