हवा, पाणी, चढ

१.
मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग: सायकलला बंदी. वांद्रे-वरळी सागरी सेतू: बंदी. अटल सेतू: बंदी. भाऊचा धक्का ते मांडवा, रो-रो बोट: सायकल चालते, तिकीट काढावे.

२.
कामावर कशाने जाता, असे २०११ च्या जनगणनेत विचारले होते. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामकऱ्यांत सुमारे १३ टक्के सायकलवाले निघाले. मोटारवाले ३ टक्क्यांच्या आसपास. सकाळी दहाला चौकात उभे राहिले तर हे खरे वाटत नाही. पहाटे पाचला उभे राहावे. पेपरवाला, दूधवाला, पहिल्या पाळीचा कामगार, रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन.

३.
पंक्चर काढणारा ट्यूब बाहेर आल्यावर पहिल्यांदा काय करतो, ते पाहावे. घाईचा माणूस ती थेट घमेल्यात बुडवतो. वाईजवळच्या दुकानातल्या काकांनी ट्यूब बाजूला ठेवली, टायर उलटा करून उजेडात धरला आणि आतून सावकाश बोट फिरवले. एका जागी थांबले. नखाने बाभळीच्या काट्याचे टोक उपसून काढले, तांदळाच्या कणीएवढे. मग ट्यूबमध्ये हवा, घमेल्यात बुडबुडे, भोकात काडी खोचून खूण. पुसून कोरडी केली, पॉलिश पेपरने घासली, सोल्युशन लावले आणि बिडी पेटवली. सोल्युशनची चमक गेल्याशिवाय पॅच धरत नाही. बिडी संपली तेव्हा चमक गेली होती.

काटा टायरमध्ये तसाच राहिला असता, तर पुढच्या गावाआधीच पुन्हा पंक्चर.

४.
डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सोडवताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. सायकल सुटी करून बसने किंवा रेल्वेने न्यायची असेल, तर हे आदल्या दिवशी घरी करून पाहावे. फलाटावर नाही.

५.
रेवसहून रेडीकडे सागरी मार्गाने निघालेल्याला वाटेत जंगलजेटी, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या बोटी, लागतात: आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. खाली सावित्री, वासिष्ठी, शास्त्री यांची तोंडे. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो; तिथे सायकलवरून उतरावे आणि ती हाताने न्यावी. बोटीत कठड्याला टेकवून, हँडल धरून उभे राहावे. मुक्कामाला पोहोचल्यावर आधी चेन गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावी, वाळवावी, तेल द्यावे. मग आपली आंघोळ. खारे पाणी रात्रभरात गंज धरवते.

६.
नकाशावर किनारा सपाट दिसतो. प्रत्यक्षात खाडीवरून सड्यावर, सड्यावरून पुढच्या खाडीवर, असे दिवसभर. एका दिवसाच्या चढांची बेरीज खंबाटकीच्या चढापेक्षा कितीतरी जास्त भरते. घाटावर दिवसाला शंभर किलोमीटर मारणाऱ्याने कोकणात साठ धरावेत. उरलेला वेळ वाया जात नाही, कोकण बघण्यात जातो.

७.
रस्त्यात विचारले जाणारे प्रश्न, साधारण याच क्रमाने:
कुठून आलात?
केवढ्याला पडली?
गिअर किती?
सरकारतर्फे निघालात का?
घरी कोण कोण असतं?
चहा घेणार ना?

८.
कामावर सायकलने जायचे ठरवणारा आधी अंतर मोजतो. आधी घामाची सोय लावावी. आठवड्याचे शर्ट सोमवारी एकदम नेऊन कचेरीत टांगावेत. सॅक पाठीवर नको, कॅरिअरवर. पाठ बरीचशी कोरडी राहते. शेवटचा किलोमीटर सावकाश चालवावा. दहा मिनिटे आधी पोहोचावे, पंख्याखाली बसावे, घाम थांबल्यावर ओल्या पंचाने अंग पुसावे. घाम थांबण्याआधी शर्ट बदलला की दुसराही भिजतो.

९.
कुत्रे मागे लागले तर उतरावे, सायकल मध्ये ठेवून चालावे. चालणाऱ्या माणसात त्यांना फारसा रस नसतो.

१०.
लांबच्या प्रवासाला सायकल घेताना एक पाहावे: खेड्यातल्या दुकानाला आपले चाक ओळखीचे आहे का? दूधवाल्याच्या काळ्या सायकलचे चाक २८ गुणिले दीड, रिम ६३५ मिलिमीटरची. हायब्रिडचे ७०० सी, रिम ६२२ ची. एकीचा टायर दुसरीला बसत नाही. ट्यूब मात्र अडीअडचणीला भागवून नेते, रिमचे भोक जाड नळीचे असेल तर. बारीक, प्रेस्टा नळीच्या भोकात ती शिरत नाही. मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असला की पेट्रोलपंपावरही हवा भरता येते.

११.
१९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे काही पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांपैकी आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रवास पुरा करून मुंबईला परतले.

१२.
शेजारच्या मुलाची शाळा दीड किलोमीटरवर आहे. त्याला सायकल का देत नाही, असे त्याच्या आईला विचारले. "मधला चौक ओलांडायचाय हो त्याला," त्या म्हणाल्या. चौक पाहिला. त्यांचे बरोबर आहे.

१३.
चेन किती झिजली ते बारा इंची पट्टीने कळते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवायचे. नव्या चेनची पिन बरोबर बाराव्या इंचावर येते. इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे सरकली की चेन बदलावी. आठव्या भागापर्यंत थांबले तर मागचे दातेही गेले. चेन स्वस्त, दाते महाग.

१४.
पावसात निसरडे: रेल्वे फाटकातले रूळ, गटारांची लोखंडी झाकणे, झेब्रा पट्ट्यांचा रंग, पहिल्या सरीत वर आलेले तेल. रूळ काटकोनातच ओलांडावेत. रिमला लागणारे ब्रेक सुरुवातीला नुसते पाणी पुसतात आणि मग धरतात. म्हणून ब्रेक आधीपासून, थोडा थोडा.

लांब घाट उतरतानाही ब्रेक सतत दाबून ठेवू नये. आळीपाळीने पुढचा-मागचा. वळणावर थांबून रिमला बोट लावून पाहावे. बोट ठेववत नसेल तर दरी बघत बसावे.

१५.
मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. सकाळी शाळेच्या वेळेला डांबरी रस्त्यावर अशी पंधरा-वीस मुलींची रांग चाललेली असली, की मागचा उसाचा ट्रॅक्टर हॉर्न न वाजवता मागेमागे येताना पाहिला आहे. सायकली एकट्या असल्या की दिसत नाहीत. रांगेने गेल्या की दिसतात.

१६.
३ जून: जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये जाहीर केला. अॅटलासचा साहिबाबादचा सायकल कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला.

१७.
तहान लागण्याआधी पाणी. उन्हात तासाला अर्धा लिटर तरी. नुसते पाणी पुरत नाही, मीठ लागते. कोकणात कोकम सरबत मीठ घालून मागावे, देशावर ताक. खिशात गूळ-शेंगदाणे.

१८.
लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे प्रकारात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४० तास. चढ, वारा, पंक्चर, जेवण, झोप सगळे त्यातच. गोव्यात सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराला पाव गरम असेपर्यंतचा वेळ मिळतो.

१९.
लॉजवर भाडे विचारण्याआधी विचारावे: "सायकल खोलीत घेऊ द्याल?" "जिन्याखाली लावा, कोण नेतंय," असे उत्तर आले तर पुढचे लॉज.

२०.
कचेरी, शाळा, दुकान, दवाखाना, ज्याच्या हातात जे असेल त्याने एवढे करावे. फाटकाजवळ, येताजाता दिसेल अशा जागी, उलट्या यू आकाराचा लोखंडी पाइप जमिनीत पक्का रोवावा. उंची कमरेच्या थोडी खाली. वर पत्रा. नुसते चाक अडकवायचे स्टँड नकोत. सायकलला धक्का लागला की त्यांत आरे वाकतात, आणि कुलूप लागते ते चाकाला, सांगाड्याला नाही. वेल्डिंगवाल्याचे एका दिवसाचे काम आहे. एका पाइपला दोन सायकली लागतात.