आपांचा उजवा कान

अष्टमीत असरच्या नमाजनंतर आमच्या गल्लीतून गेलात, तर एका घरातून दहा-बारा मुलांच्या पढण्याचा आवाज येतो. हे आमच्या आपांचं घर. आपा म्हणजे आमच्यातल्या एकाची थोरली बहीण आणि दुसऱ्याची नणंद. आम्ही नवराबायको दोघंही शिक्षक. घरात उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषांच्या वह्यांचे गठ्ठे तपासायला पडलेले असतात. आपांकडे बी.एड. नाही, पण मोहल्ल्यातल्या दोन पिढ्यांचं नाझरा त्यांनीच करून घेतलं. त्या भाजी निवडत बसतात, मुलं आपापला सबक पढत असतात. कुणाचा उच्चार चुकला की मान न वळवता एकच शब्द येतो, "परत."

हे सगळं त्या एका कानावर करत आल्या. डावा कान लहानपणी वाहायचा, पडदा फाटला, तो जवळपास गेलेलाच. म्हणून मुलं नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला बसतात. हे आम्हाला इतकं सवयीचं झालं होतं, की आपांना एका कानाने ऐकू येत नाही हे आम्ही विसरूनच गेलो होतो. निदान आम्ही स्वतःला तसं सांगतो.

2023 च्या पावसाळ्यात आपांच्या गालाच्या आतल्या बाजूला फोड आला. मशेरीची सवय जुनी. दाढ लागत असेल म्हणून दोन महिने एका दवाखान्याच्या गोळ्या चालल्या. पुढे तुकडा तपासला, कॅन्सर निघाला, मुंबईत ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये आलं, की गळ्यातल्या एका गाठीतला आजार गाठीचं आवरण फोडून बाहेर आला आहे. अशा वेळी नुसतं रेडिएशन, ज्याला आपल्याकडे लाईट घेणं म्हणतात, पुरत नाही. सोबत केमो लागते, आणि त्यासाठी पहिलं नाव सिस्प्लाटिनचं.

डॉक्टरांनी किडनी, साखर, रक्तदाब सगळं विचारलं. मग विचारलं, "ऐकू कसं येतं?" आपा तेव्हा बाहेर बाकावर बसल्या होत्या. आम्ही म्हणालो, "चांगलं येतं."

का म्हणालो? औषधाचं नाव आदल्या दिवशीच कळलं होतं, फोनवर वाचलं होतं. कान कमजोर असेल तर हे औषध नाकारतात, एवढंच डोक्यात राहिलं. कानाचं बोललो तर जोरकस औषध हातचं जाईल, मग आपा हातच्या जातील, असा आमचा हिशेब. शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारी आम्ही दोन माणसं होतो.

डॉक्टरांनी तरीही ऑडिओग्राम सांगितला. पहिल्या डोसआधी तो करायचाच, म्हणजे पुढे कान किती उतरला हे मोजायला आधीचं माप हाताशी असतं. काचेच्या खोलीत आपा हेडफोन लावून बसल्या, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. कागदावर उजव्या कानाचे लाल गोल वर एका ओळीत राहिले. डाव्या कानाच्या निळ्या फुल्या तळाला गेल्या. कागद पाहून डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी नर्सला सांगून आपांना आत बोलावलं आणि पुढचं सगळं त्यांच्याशी, उजव्या बाजूला खुर्ची ओढून, बोलले.

आम्हाला समजलं ते असं. आतल्या कानाच्या शंखात अगदी बारीक केसांच्या पेशी असतात, आवाज त्या पकडतात. सिस्प्लाटिन त्या मारतं आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. शरीराच्या बाकी भागातून औषध निघून जातं, पण शंखात महिनोन्‌महिने साचून राहतं. त्यामुळे उपचार संपल्यावरही कान उतरू शकतो. नुकसान बहुधा दोन्ही कानांचं होतं, एकूण डोस वाढेल तसं वाढतं, आणि सुरुवात वरच्या पट्टीपासून होते. आधी पक्ष्यांची किलबिल, घड्याळाचा गजर. मग बोलण्यातले स, श, फ असे अक्षरांचे टोकदार आवाज.

इथे आपांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. टाके ओढत होते. त्यांनी विचारलं, "सीन आणि स्वादमधला फरक कळेल?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही, आम्हाला समजावून सांगावा लागला. उर्दूत आपण से, सीन, स्वाद तिन्ही 'स'च बोलतो. कुरआन पढताना मात्र तिन्हींचा उच्चार वेगळा, आणि तो फरक ओळखणारा कान म्हणजेच आपांची सगळी विद्या. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, तोच भाग आधी जाण्याची शक्यता आहे.

मग रस्ते सांगितले. पहिला, दर तीन आठवड्यांनी मोठा डोस, शरीराच्या दर चौरस मीटरला 100 मिलिग्रॅम. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये 300 रुग्णांवर याची तुलना आठवड्याच्या 30 मिलिग्रॅमशी केली गेली. 2018 साली निकाल छापून आला. दोन वर्षांनी मोठ्या डोसवाल्यांपैकी सुमारे 73 टक्क्यांचा तोंड-गळ्याचा आजार ताब्यात होता, छोट्या डोसवाल्यांपैकी 58.5 टक्क्यांचा. पण त्रासही मोठ्या डोसचाच जास्त. दुसरा रस्ता, दर आठवड्याला 40 मिलिग्रॅम. ऑपरेशन झालेल्या, आपांसारख्याच जोखमीच्या 261 रुग्णांवर जपानमध्ये हे करून पाहिलं, 2022 मध्ये निकाल आला. आयुष्याच्या बाबतीत तो मोठ्या डोसपेक्षा कमी पडला नाही, आणि कानाचा त्रास कमी झाला. तिसरा रस्ता सिस्प्लाटिन सोडूनच द्यायचा, त्याऐवजी डोसिटॅक्सेल. ज्यांना सिस्प्लाटिन देता येत नाही, त्यात कान कमजोर असलेलेही आले, अशा 356 रुग्णांवर टाटामध्येच अभ्यास झाला. नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनी 41.7 टक्के हयात होते, डोसिटॅक्सेल जोडल्यावर 50.8 टक्के. पण डोसिटॅक्सेलने तोंड फार सोलतं, गिळणं अवघड होतं. आणि या औषधाची तुलना नुसत्या रेडिएशनशी झाली होती, सिस्प्लाटिनशी नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आकडे ऐकताना आम्ही वहीत लिहून घेत होतो. आपा खिडकीबाहेर बघत होत्या.

मुक्काम मुंब्र्याला भाचीकडे होता. दिवा-रोहा गाडीमुळे आमच्या लोकांना ते सोयीचं पडतं. त्या रात्री भाचीच्या मुलाने शोधून काढलं की कान वाचवणारं औषध आहे, सोडियम थायोसल्फेट. अमेरिकेत 2022 मध्ये त्याला मान्यता मिळाली, सिस्प्लाटिननंतर सहा तासांनी शिरेतून देतात. आम्ही आनंदाने उठून बसलो. सकाळी विचारलं तर कळलं, ती मान्यता लहान मुलांसाठी आहे, न पसरलेल्या गाठींच्या कॅन्सरसाठी. आपांच्या वयात, त्यांच्या आजारात, ट्यूमरला त्याचा फायदा मिळणार नाही याची खात्री नाही. तो दरवाजा बंद झाला.

आमच्या दोघांत एकमत नव्हतं. एकाचं म्हणणं, जान है तो जहान है, मोठा डोस घ्या, ऐकण्याचं यंत्र मिळतं. दुसऱ्याचं म्हणणं, यंत्र आवाज मोठा करतं, गेलेलं अक्षर परत आणत नाही. आवाज चढला. मधल्या खोलीतून आपा आल्या, आमच्यात बसल्या.

"डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत माझे दोन्ही कान चांगले आहेत?"

आम्ही गप्प.

"कान माझा, आणि सौदा तुम्ही माझ्या पाठीमागे करत होतात?"

कुणी उत्तर दिलं नाही. माफी मागायलाही बराच वेळ लागला. आपल्या घरांत आजाऱ्याला त्रास नको म्हणून त्याच्याऐवजी आपणच बोलतो, त्याला मोहब्बत म्हणतो. आपांनी त्या रात्री तिला दुसरंच नाव दिलं, ते इथे लिहीत नाही.

निर्णय त्यांनीच केला. आठवड्याचा 40 मिलिग्रॅमचा रस्ता, पण दर दोन डोसनंतर कानाची तपासणी. वरची पट्टी उतरली की सिस्प्लाटिन थांबवायचं, उरलेल्या आठवड्यांना डोसिटॅक्सेल. डॉक्टर म्हणाले, हे करता येईल. मोठा डोस त्यांनी का नाकारला हे आम्ही विचारलं नाही.

सहा आठवडे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार. सिस्प्लाटिनच्या दिवशी किडनी सांभाळायला सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या. तिसऱ्या आठवड्यात सुट्टीला अष्टमीला आणलं तेव्हा ताप चढला. इथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनची तयारी केली, तेव्हा आपांनीच पर्समधून चिठ्ठी काढून दाखवली: जेंटामायसिन, अमिकासिन नको, ती अँटिबायोटिक्स कानाला मारतात आणि सिस्प्लाटिनसोबत जास्तच. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, औषध बदललं. ही चिठ्ठी प्रत्येक अशा रुग्णाच्या पर्समध्ये हवी, म्हणून इथे लिहिली.

चौथ्या डोसनंतर त्या म्हणाल्या, पाऊस संपला तरी रातकिडे ओरडताहेत. रातकिडे नव्हते, त्यांच्या कानातच आवाज होता. कागदावर उजव्या कानाचे लाल गोल 4000 हर्ट्‌झपासून खाली उतरू लागले होते. सिस्प्लाटिन थांबलं. डोसिटॅक्सेलचे दोन डोस झाले, आणि मग तोंडाचं जे झालं ते पाहवत नव्हतं. पंधरा दिवस नळीतून दूध आणि डाळीचं पाणी.

आता दोन वर्षं होतील. तपासण्या आतापर्यंत स्वच्छ आहेत, अल्हम्दुलिल्लाह. कान उपचारानंतरही आणखी थोडा उतरला. उजव्या कानात यंत्र आहे. मुलं आता बाजूला नाही, समोर बसतात, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे ओठ आणि जीभ दिसते. जिभेची जागा डोळ्यांनी ओळखायला आपा शिकल्या आहेत. भाजी मात्र आता आधीच निवडून ठेवतात.

गेल्या आठवड्यात आम्ही तिथे बसलो होतो. एका मुलाने आयत बरोबर पढली, आपा म्हणाल्या, "परत." त्याने मुकाट्याने परत पढली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"पहिल्यांदा बरोबर होतं ना?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि म्हणालो, "हो."

"मग सांगायचं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुलीला समोर बोलावलं.