आमची कॉन्टेसा आणि माझे परिग्रह परिमाण



परवा सकाळी अभिषेकाला बस्तीत गेले. गाडी लावून उतरत होते, तेवढ्यात माझ्याच वयाच्या एक बाई हसत म्हणाल्या, "अहो वहिनी, परिग्रहाचं व्रत घेतलंय ना तुम्ही? मग ही एवढी बोट कशाला ठेवलीय?" मीही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही दारात राहिला नाही, माझ्याबरोबर घरी आला. म्हणून आज लोणची, पापड आणि उपवासाचे पदार्थ बाजूला ठेवून गाडीबद्दल लिहिते.

आमची गाडी म्हणजे कॉन्टेसा क्लासिक, १९९४ ची. यांचा हळदीचा व्यापार. दोन वर्षे चांगली गेली आणि १९९६ साली यांनी ती एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून जुनी घेतली. आपल्या पिढीला सांगायला नको, पण सुनांसाठी सांगते. त्या काळी रस्त्यावर अँबेसिडर, फियाट आणि मारुती, एवढेच मुख्यतः दिसायचे. कॉन्टेसा दिसली की लोक वळून बघायचे. मंत्री, कारखान्याचे चेअरमन आणि सिनेमातले खलनायक यांची ती गाडी! मूळ आराखडा इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल कंपनीचा. हिंदुस्थान मोटर्सने तो घेऊन कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात १९८४ पासून ही गाडी बनवली. सुरुवातीला आत अँबेसिडरचेच दीड लिटरचे इंजिन होते. एवढ्या मोठ्या अंगाला ते पुरत नसे. पुढे इसुझू या जपानी कंपनीचे १.८ लिटरचे इंजिन आले आणि गाडी खऱ्या अर्थाने धावू लागली. आमची त्यातलीच. २००२ मध्ये कॉन्टेसा बंद झाली.

मी गाडी शिकले वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. मुलगा बारावीत होता, क्लासला सोडायला कोणी नसायचे. सासूबाईंना आम्ही आक्का म्हणायचो. मला वाटले, त्या नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "शिक की. बैलगाडी मी हाकलीय, तुला ही जमायला काय झालं?" पहिले सहा महिने घाम फुटायचा. उभ्या गाडीचे स्टिअरिंग वळवायला दंडात जोर लागतो आणि समोर बॉनेट इतके लांब की ते कुठे संपते याचा अंदाज येत नाही. पण एकदा हात बसला आणि मग जे सुख मिळाले, ते तुमच्यापासून का लपवू? पहाटे रस्ता मोकळा असतो, इंजिन घुमत असते, पुढे ते लांब नाक आणि खड्ड्यावरून गाडी पाळण्यासारखी हलत जाते. ही गाडी घाई करू देत नाही. तिच्यात बसले की मीसुद्धा सावकाश होते. आयुष्यभर मी कुणाच्या तरी शेजारी किंवा मागे बसून गेले. इथे चाक माझ्या हातात असते. आता यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून तेच डावीकडे बसतात आणि "ब्रेक, ब्रेक" म्हणत राहतात.

२००६ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता. बारा वर्षांनी येणारा योग. आक्का म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी नसेन." हुबळीला मुक्काम करत आम्ही याच गाडीने गेलो. मागच्या सीटवर आक्का पाय पसरून बसल्या होत्या. डिकीत पाण्याचे कॅन, गाळणे, शुद्ध जेवणाचे डबे, दोन गाद्या, सगळे मावले. सूर्यास्ताआधी जेवायचे, म्हणून चार वाजल्यापासून आम्ही रस्त्याकडेला सावली शोधायचो. विंध्यगिरीच्या सहाशेच्या वर पायऱ्या आक्का डोलीतून चढल्या. गोमटेश्वराच्या मस्तकावरून दुधाची धार उतरताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला खरोखरच त्या नव्हत्या. मागच्या सीटचा तो कोपरा मला अजून त्यांचाच वाटतो. गाडी विकायची म्हटली की पहिल्यांदा तो कोपरा आठवतो.

आता हिशोबाचे बोलते. मी बी.कॉम. झालेली, घरचा हिशोब लग्नापासून माझ्याकडे. गाडीचे खाते वेगळे. लिटरला आठ, फार तर नऊ किलोमीटर. सुटे भाग मिळत नाहीत, मिस्त्री कुठून कुठून शोधून आणतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग आणि वर पर्यावरण कर. कॉलेजात घसारा शिकलो होतो. वस्तू वापरली की दरवर्षी तिची पुस्तकी किंमत कमी होते. त्या हिशोबाने आमची गाडी केव्हाच शून्यावर आली.

साठी झाली तेव्हा मी माताजींकडे परिग्रह परिमाण व्रत घेतले. आपण काय काय ठेवणार याची यादी करायची आणि त्यापुढे जायचे नाही. सोने इतके तोळे, साड्या इतक्या, भांडी इतकी. भराभर लिहित गेले. साड्यांच्या आकड्याला थोडी रेंगाळले, हे खरे. 'वाहन' लिहिले आणि पेन थांबले. कारण तेव्हा दारात दोन गाड्या होत्या. मुलाने आमच्यासाठी नवी, छोटी, गिअर नसलेली गाडी घेतली होती. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यात पहिला अतिवाहन. लोभापायी बैलांना त्यांच्या शक्तीबाहेर चालवणे, असा त्याचा जुना अर्थ. गरजेपेक्षा जास्त वाहने बाळगणे, असाही अर्थ आता लावतात. मी 'वाहन – एक' लिहिले. नवी गाडी मुलाकडे परत पाठवली आणि कॉन्टेसा ठेवली. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, लोक उलटं करतात." सूनबाई गप्प राहिली. तिचे बरोबर होते. खर्चाने, पेट्रोलने, धुराने, कशानेही बघितले तरी जुनी गाडी जायला हवी होती. मी स्वतःला समजावले की एकच तर ठेवलीय, व्रत पाळले गेले.

ते किती पाळले गेले, हे गेल्या वर्षीच्या दशलक्षणात कळले. नववा दिवस, उत्तम आकिंचन्य. माझे असे काहीही नाही, हा भाव शिकण्याचा दिवस. बस्तीत प्रवचन ऐकून घरी आले. शेजारचा चौथीतला मुलगा आमच्या फाटकापाशी सायकल शिकत होता. त्याचा तोल गेला आणि पेडल गाडीच्या दारावरून घासत गेले. हातभर लांब ओरखडा. मुलाचा गुडघाही फुटला होता, पण ते मला नंतर दिसले. आधी ओरखडा दिसला. मी अशी ओरडले की समोरच्या घरातली माणसे बाहेर आली. मुलगा सायकल तिथेच टाकून पळाला. हे खिडकीतून म्हणाले, "अगं, पत्रा आहे तो." मी यांच्यावरही ओरडले.

त्या रात्री सामायिकाला बसले, पण मन लागेना. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा अशी केली आहे. म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूवरची आसक्ती. किती वेळा वाचले, स्वाध्यायात दुसऱ्यांना समजावून सांगितले! आणि माझ्या यादीत आकडा एकच होता, पण त्या एकात मी सगळे भरून ठेवले होते. आक्का, यांचे चांगले दिवस, माझे चाळिशीतले धाडस. वहीत घसारा लागून किंमत शून्य झाली होती. मनातल्या वहीत ती दरवर्षी वाढत होती आणि ते खाते मी कधी तपासलेच नव्हते.

क्षमावणीला मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याची आई म्हणाली, "काकू, अहो उलट आम्हीच यायला हवं होतं." मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही. दाराआडून मी त्याची क्षमा मागितली. मोठ्या माणसाने हात जोडले म्हणून लहान मुलाची भीती लगेच जात नाही, हे मला पुढच्या महिन्यांत दिसले. आमची गाडी दारात उभी असली की तो सायकलवरून उतरायचा आणि रस्त्याच्या पलीकडून सायकल हातात धरून जायचा. ओरखडा बघून मला जेवढे दुखले होते, त्याहून हे जास्त दुखले.

मग आता गाडी का ठेवली, हा त्या बाईंचा प्रश्न राहतोच. पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. काही नियम केले आहेत. रोजच्या नियमात वाहनाची मर्यादा घेते. बस्ती, दवाखाना आणि महिन्यातून एकदा कुंभोजच्या बाहुबलीला. चातुर्मासात दिवे लावून गाडी चालवायची नाही, कारण दिव्यावर किती जीव येतात ते आपण बघतो. मिस्त्रीने चामड्याचे सीट कव्हर सुचवले होते, त्याला तिथेच नाही म्हटले. बस्तीतल्या वयस्कर बायकांना घेऊन जाते. ओल्या छत्र्या, चिखलाचे पाय, सगळे चालते. पूर्वी मी आधी सीटवर जुनी चादर घालायचे. पुढचे पासिंग येईल तेव्हा गाडी देऊन टाकायची, असे ठरवले आहे. आक्कांच्या कोपऱ्यासाठी गाडी लागत नाही, हे तोवर मनाला पटावे, एवढीच इच्छा. पहाटे चाक हातात आले की अजून आनंद होतो. तो होतो तोवर होऊ दे. त्याच्यावर नजर मात्र ठेवायची.

ओरखडा तसाच आहे. दर सर्व्हिसिंगला मिस्त्री म्हणतो, "काकू, एका दिवसात रंग मारून देतो." मी नको म्हणते.

आणि हो, गेल्या आठवड्यात तो मुलगा सायकलवरून न उतरता गाडीच्या अगदी जवळून गेला. मी फाटकात उभी होते. त्याने माझ्याकडे बघितले नाही, पण उतरलाही नाही. तेवढे मी जमेला धरले.

जय जिनेंद्र.