नुसतं 'बी'

परवा नात 'चाफा' गुणगुणत होती. चाल वसंत प्रभूंची, आवाज लताबाईंचा, ऐकलेलं मोबाइलवर! मध्येच थांबून म्हणाली, "आबा, कवी म्हणून नुसतं 'बी' लिहिलंय. यांना आडनाव नाही का?"

आहे की. नारायण मुरलीधर गुप्ते. जन्म १८७२ चा, मलकापूरचा. वडील गेले, शिक्षण थांबलं आणि वऱ्हाडात सरकारी कचेरीत कारकुनी पत्करली. पहिली कविता १८९१ साली 'करमणूक'मध्ये आली, पण 'बी' हे नाव दिसलं ते १९११ मध्ये, 'मनोरंजन'मधल्या 'वेडगाणे'खाली. 'माझी कन्या' शिकवताना मी मुलांना सांगायचो, बी म्हणजे बीज, मातीत दडलेलं. (हा अर्थ माझा बरं का, त्यांच्या माथी मारू नका!) उभ्या आयुष्यात कविता जेमतेम पन्नासेक. 'फुलांची ओंजळ' हा संग्रह आला १९३४ साली. तेव्हा वय बासष्ट, नोकरीचे दिवस मागे पडलेले, तरी नाव 'बी'च.

"साहेबाला घाबरत असतील," नात म्हणाली.

तसं नसावं. साहेब उरला नव्हता तरी त्यांनी नाव सोडलं नाही. घाबरणारा मी होतो.

१९७६ ची गोष्ट. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका शाळेवर होतो. गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, सगळा चांदाच. रात्री कंदिलाशी बसून रहस्यकथा लिहायचो, टोपणनावाने. मास्तर खुनाच्या गोष्टी लिहितो म्हटल्यावर गाव काय म्हणेल! एका साप्ताहिकाने कथा छापली आणि पंधरा रुपयांची मनीऑर्डर शाळेच्या पत्त्यावर पाठवली, त्याच टोपणनावाने. पोस्टमनने सायकल झाडाला टेकवली, नाव मोठ्याने वाचलं. मुख्याध्यापक शेजारीच उभे.

"गुरुजी, असा कोणी आहे का इथं?"

"नाही बाप्पा," मी म्हणालो.

पंधरा रुपये परत गेले. तेव्हा ती रक्कम लहान नव्हती. रात्री सौ.ला सांगितलं. पैशाबद्दल ती काही बोलली नाही. "स्वतःलाच नाही म्हणालात?" एवढंच विचारलं. त्यानंतर माझ्याच्याने कथा लिहिणं झालं नाही.

नातीने अर्थातच ते नाव विचारलं. सांगितलं. ती इतकी हसली की सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

इथे मात्र ते लिहीत नाही. पण त्या सुमाराचे रहस्यकथांचे जुने अंक कोणी जपून ठेवले असतील तर कळवा. माझ्याकडे एकही प्रत नाही.